जाहिरातीत न दिसणारी नोकरी
नेकनूरच्या पट्ट्यातून कॉलेजचा बास्केटबॉल प्रशिक्षक होऊ पाहणाऱ्यांसाठी

कॉलेजात बास्केटबॉलचा प्रशिक्षक व्हायचं असं ठरवलं असेल, तर आधी एक गोष्ट पक्की माहीत असू द्या. या नावाची जागा आपल्याकडच्या कॉलेजांच्या जाहिरातीत सहसा निघतच नाही. अमेरिकेत ती निघते. तिथल्या अनेक राज्यांत सरकारी पगारदारांमध्ये सर्वांत जास्त पगार गव्हर्नरला नसतो, तर सरकारी विद्यापीठाच्या फुटबॉल किंवा बास्केटबॉल प्रशिक्षकाला असतो. आपल्याकडे कॉलेजात खेळासाठी एकच माणूस असतो. कागदावर तो 'संचालक, शारीरिक शिक्षण व क्रीडा' आणि पोरांच्या तोंडी 'स्पोर्ट्सचे सर'. कबड्डी, खो-खो, क्रॉस कंट्री, कुस्ती, बुद्धिबळ अशा सगळ्यांचे संघ त्यानेच न्यायचे. प्रवेश अर्जांवरचे फोटो त्यानेच तपासायचे, आणि प्रजासत्ताक दिनाचं संचलनही त्याच्याच माथी.

म्हणून वाट अशी धरावी लागते: आधी हे पद मिळवायचं आणि त्यात राहून बास्केटबॉलचा प्रशिक्षक व्हायचं. दुसरी वाट राज्याच्या क्रीडा व युवक सेवा संचालनालयातल्या क्रीडा मार्गदर्शकाची. तिसरी शाळेतल्या क्रीडाशिक्षकाची. चौथी पुण्या-मुंबईतल्या खासगी शाळांची आणि अकादम्यांची. तिथे पैसे बरे असतात, पण करार वर्षाचा असतो. या लेखात पहिल्या वाटेवरच जास्त बोलतो, कारण नेकनूर, येळंबघाट, चौसाळा, केज या भागात राहून करता येईल अशी तीच आहे.

इथे राहून का, असा प्रश्न येईल. याच बीड जिल्ह्यातली दोन नावं घ्या. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे बारावीनंतर सैन्यात गेला. स्टीपलचेस त्याला तिथे गवसली, आणि अमरीश कुमार हे प्रशिक्षकही तिथेच भेटले. पुढे २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने रौप्य जिंकलं आणि हांगझोच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण. पाटोद्याचा राहुल आवारे कुस्तीसाठी पुण्याला गेला. तिथे हरिश्चंद्र बिराजदार आणि नंतर काका पवार यांच्याकडे घडला. २०१८ मध्ये राष्ट्रकुल सुवर्ण आणि २०१९ मध्ये जागतिक स्पर्धेचं कांस्य त्याने आणलं. दोघांचे पाय, दम आणि चिकाटी इथली होती, प्रशिक्षक मात्र बाहेर मिळाले. कॉलेजच्या वयातल्या पोरांना बाहेर न जाता कुणी ओळखणारं भेटावं, ही या जिल्ह्याची खरी गरज आहे. ती बास्केटबॉललाच लागू आहे असंही नाही.

आता शिक्षणाचा क्रम. पदवी कोणतीही चालते, पण पदवीच्या तीन वर्षांत तुम्ही कॉलेजकडून खेळलेले असणं महत्त्वाचं. पुढे प्रत्येक टप्प्यावर हे प्रमाणपत्र मागितलं जातं. त्यामुळे बारावीनंतर कॉलेज निवडताना शाखेइतकाच एक प्रश्न विचारा: तुमचा बास्केटबॉलचा संघ विद्यापीठाच्या स्पर्धेला जातो का? जात नसेल तर सरांना भेटून प्रवेशिका भरायला लावा. मराठवाड्यात कबड्डीच्या मानाने बास्केटबॉलचे संघ कमी असतात. कबड्डीत विद्यापीठ संघात येण्यासाठी जितकी झुंज द्यावी लागते तितकी इथे द्यावी लागत नाही, आणि तरी 'कलर होल्डर' (विद्यापीठ संघातून खेळलेला) हा शिक्का सारखाच लागतो. आपला जिल्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाखाली येतो. त्याचा संघ भारतीय विश्वविद्यालय संघाच्या पश्चिम विभाग आंतरविद्यापीठ स्पर्धेत उतरतो. राज्यातल्या विद्यापीठांचा अश्वमेध क्रीडा महोत्सव वेगळा, त्यातही बास्केटबॉल असतो.

इथे एक घोळ बऱ्याच जणांचा होतो. अकरावी-बारावीची मुलं कॉलेजात बसत असली तरी खेळासाठी ती शालेय स्पर्धांत, १९ वर्षांखालील गटात मोडतात. त्यांच्या स्पर्धा जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालय घेतं: जिल्हा, विभाग, राज्य. बारावीच्या क्रीडा गुणांची सवलतही त्याच साखळीतून मिळते. पदवीच्या मुलांचं सगळं विद्यापीठाच्या क्रीडा विभागाकडे. दोन्ही गट एकाच मैदानावर सराव करतात, पण अर्ज, तारखा आणि वयाचे नियम निराळे. कनिष्ठ महाविद्यालय जोडलेल्या संस्थेत काम करायचं असेल तर दोन्ही परिपत्रकं भिंतीवर शेजारी शेजारी लावा.

पदवीनंतर बी.पी.एड., दोन वर्षं. महाराष्ट्रात त्याला राज्य सीईटी कक्षाची प्रवेश परीक्षा आहे आणि सोबत मैदानी चाचणी. लेखी परीक्षेची तयारी करणारे पुष्कळ असतात, पण मैदानी चाचणीला आयत्या वेळी बूट शोधणारेही तितकेच भेटतात. मग एम.पी.एड., आणखी दोन वर्षं. कॉलेजसाठी एम.पी.एड.ला किमान ५५ टक्के लागतात, त्यामुळे 'पास झालो की झालं' हे धोरण इथे महागात पडतं. संस्था निवडताना जवळच्या छत्रपती संभाजीनगरात एम.एस.एम. शारीरिक शिक्षण महाविद्यालय आहे. बाहेर पडायची तयारी असेल तर अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ, पुण्यातलं महाराष्ट्रीय मंडळाचं चंद्रशेखर आगाशे महाविद्यालय आणि ग्वाल्हेरची लक्ष्मीबाई राष्ट्रीय शारीरिक शिक्षण संस्था ही नावं पुढे येतात. अमरावतीचं मंडळ १९१४ पासूनचं. माझं मत विचाराल तर घरापासून दोन वर्षं लांब राहणं या क्षेत्रात फायद्याचं ठरतं. शंभर वेगवेगळ्या मैदानांवरून आलेली पोरं एका वसतिगृहात असतात, आणि निम्मं शिक्षण तिथेच होतं.

यानंतर नेट किंवा सेट, म्हणजे पात्रता परीक्षा. यूजीसीची नेट वर्षातून दोनदा होते. महाराष्ट्र आणि गोव्याची सेट सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं. दोन्हींत शारीरिक शिक्षण हा विषय आहे. मैदानावरचा माणूस पुस्तकाला बिचकतो, म्हणून ही पायरी बऱ्याच जणांची वर्षानुवर्षं राहते. एम.पी.एड.च्या दुसऱ्या वर्षातच पहिल्यांदा बसून घ्या.

यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत या पदासाठी शारीरिक क्षमता चाचणीही आहे. पुरुषांना १२ मिनिटांत ३० वर्षांपर्यंत १८०० मीटर, ४० पर्यंत १५००, ४५ पर्यंत १२०० आणि ५० पर्यंत ८०० मीटर धावायचं किंवा चालायचं. महिलांना ८ मिनिटं: त्याच वयोगटांत अनुक्रमे १०००, ८००, ६०० आणि ४०० मीटर. सोबत वैद्यकीय प्रमाणपत्र. तिशीच्या आतल्या माणसाला हा वेग ताशी नऊ किलोमीटर पडतो, म्हणजे अवघड मुळीच नाही. पण मुलाखतीचं बोलावणं अडतिसाव्या वर्षी येतं आणि तोवर पोट सुटलेलं असतं. पात्र उमेदवाराच्या निवडीनंतर सातव्या वेतन आयोगाच्या दहाव्या स्तरावर मूळ वेतन ५७,७०० रुपयांपासून सुरू होतं.

हा आकडा वाचून हुरळू नका. अनुदानित जागेला शासनाची मान्यता लागते, भरती वर्षानुवर्षं अडकते, आणि मधल्या काळात तासिका तत्त्वावर काम करावं लागतं. तासिकेवरच्या माणसाला सुट्टीच्या महिन्यांचा पगार नसतो, आणि संघ मात्र सुट्टीतही तयार करायचा असतो. विनाअनुदानित संस्थेत तर नेमणुकीचं पत्र हातात पडेपर्यंत 'करू की सर' या शब्दांवर विश्वास ठेवू नका. घरची शेती, दुकान किंवा शाळेतली नोकरी असा दुसरा आधार धरूनच या वाटेला लागा. शाळेत जायचं असेल तर बी.पी.एड. पुरतं. शिक्षकभरतीसाठी अभियोग्यता चाचणी आणि पवित्र पोर्टल पाहावं लागेल.

राहिला प्रशिक्षकाचा डिप्लोमा. पतियाळाची नेताजी सुभाष राष्ट्रीय क्रीडा संस्था, म्हणजे आपली 'एनआयएस', १९६१ मध्ये सुरू झाली. 'एनआयएस झालेला' हे दोन शब्द महाराष्ट्रातल्या मैदानांवर अजून वजनदार आहेत. तिथला प्रशिक्षणाचा डिप्लोमा वर्षाचा, निवासी. पदवी आणि खेळातली कामगिरी लागते, आणि प्रवेशाला क्षमता व कौशल्य चाचणी असते. सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम वेगळा. तो उपयोगी आहे, पण शासकीय जाहिरातीत डिप्लोमा मागितला असेल तर हे प्रमाणपत्र दाखवून काम होत नाही. क्रीडा मार्गदर्शक व्हायचं असेल तर डिप्लोमाच करा. कॉलेजची जागा हवी असेल तर आधी नेट-सेट आणि मग पतियाळा, हा क्रम मी सुचवेन. उलट क्रमाने गेलेले उत्तम प्रशिक्षक मुलाखतीच्या दारातच अडतात.

हे सगळं हातात यायला अठराव्या वर्षापासून मोजलं तर आठ-नऊ वर्षं जातात. तोवर संघ हातात घ्यायचा नाही असं समजलात तर मात्र चुकलात. मुंबईच्या नागपाड्यातल्या मैदानावर बच्चू खान यांनी गल्लीतल्या पोरांना बास्केटबॉल शिकवलं. त्याच नागपाड्यातला अब्बास मुंतसिर भारताचा कर्णधार झाला आणि १९७० मध्ये त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला. भिलाईत राजेश पटेल यांनी पोलाद कारखान्याच्या गावात मुलींचे संघ बांधले आणि छत्तीसगडला राष्ट्रीय विजेतेपदं मिळवून दिली. दोन्ही ठिकाणी आधी एक मैदान होतं आणि रोज तिथे येणारा एक माणूस.

तर मैदान. पूर्ण कोर्ट २८ बाय १५ मीटर. एवढं सिमेंट कुणी लगेच ओतून देणार नाही, म्हणून अर्ध्या कोर्टाची मागणी करा. थ्री बाय थ्रीचं अधिकृत कोर्टही १५ बाय ११ मीटरच असतं. रिंग जमिनीपासून ३.०५ मीटर. ती मुलांसाठी खाली घेऊ नका, कॉलेजच्या पोराला खऱ्या उंचीचीच सवय हवी. फ्री थ्रोची रेघ बोर्डापासून ४.६० मीटर आणि तीन गुणांची रेघ रिंगच्या मध्याखालच्या बिंदूपासून ६.७५ मीटरवर. रंगाचा डबा आणि सुतळी घेऊन या रेघा एका दुपारी मारता येतात. चेंडू रबरी घ्या. कॉस्को किंवा निव्हियाचा रबरी चेंडू खरखरीत सिमेंटवर टिकतो, चामड्याचा महिन्याभरात सालपटतो. मुलांना ७ नंबर, मुलींना ६ नंबर. दोन चेंडूंवर बारा जणांचा सराव होत नाही. दहाच जण आले तरी किमान पाच चेंडू हवेत.

खांबाबद्दल मात्र तडजोड करू नका. नोव्हेंबर २०२५ मध्ये हरियाणातल्या रोहतक जिल्ह्यात सराव करताना बास्केटबॉलचा गंजलेला खांब अंगावर कोसळून सोळा वर्षांचा एक राष्ट्रीय खेळाडू गेला. आपल्याकडच्या शाळा-कॉलेजांत पंधरा-वीस वर्षांपूर्वी रोवलेले खांब आहेत आणि त्यांच्या बुडाशी पावसाळाभर पाणी साचतं. पदभार घेतल्या दिवशी खांबाचं बूड उकरून पाहा. गंज असेल तर रिंगला लोंबकळायला बंदी करा आणि प्राचार्यांना लेखी पत्र द्या. पोच घ्यायला विसरू नका.

या भागातलं वर्ष दिनदर्शिकेप्रमाणे चालत नाही. जून ते सप्टेंबर काळ्या मातीच्या मैदानावर पाय टाकता येत नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेतलेली घरं ऊसतोडीसाठी साखर कारखान्यांवर निघतात, आणि नेमक्या त्याच महिन्यांत आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा लागतात. कोयत्यावर जाणारा पोरगा तुमचा सर्वांत चपळ गार्ड असू शकतो. त्याला 'खेळासाठी थांब' असं नुसतं सांगून भागत नाही, कारण एक माणूस कमी झाला की जोडी मोडते. जुलैमध्येच घरच्यांना भेटा, स्पर्धेच्या तारखा सांगा. आठ दिवस उशिरा निघणं किंवा स्पर्धेपुरतं परत येणं जमेल का, ते विचारा. घरचे गेल्यावर मूल गावात राहणार असेल तर खाण्या-राहण्याचं काय, हा प्रश्न तुमचाही आहे. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना आहे. बीडच्या समाजकल्याण कार्यालयात चौकशी करून ती माहिती खिशात ठेवा.

मुलींच्या संघाला वेळ हाच खरा अडसर. मांजरसुंब्याकडे आणि केजकडे जाणारी शेवटची सोयीची एसटी किती वाजता आहे ते पाहून सराव ठरवा. संध्याकाळी साडेसहाला सुटणारा सराव म्हणजे दोन आठवड्यांत अर्धा संघ घरी. सकाळी तासिकांच्या आधीचा तास बरा. एसटीत मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे बाहेरगावच्या सामन्यांचा मुलींचा प्रवासखर्च मुलांपेक्षा कमी येतो. प्राचार्यांसमोर संघ मंजूर करून घेताना हा हिशेब कामाला येतो. मुक्कामाच्या दौऱ्यावर महिला व्यवस्थापक हवीच. पालकांचं लेखी संमतीपत्र घ्या आणि कॉलेजच्या अंतर्गत तक्रार समितीचा क्रमांक मुलींकडे असू द्या.

खेळाडू कुठून आणायचे? उंच पोरं शोधत फिरू नका. पहिल्या वर्षाला येणाऱ्या बहुतेकांनी बास्केटबॉल हातात धरलेला नसतो, पण खो-खो आणि कबड्डी रक्तात असते. खो-खोचा संरक्षक कमरेत वाकून, नजर वर ठेवून, एका पावलात दिशा बदलतो. बचावाची ही बैठक बास्केटबॉलच्या कोणत्याही प्रशिक्षकाला शिकवायला महिने लागतात. त्याची अडचण चेंडू हातात आल्यावर सुरू होते: तो पळत सुटतो आणि पंच ट्रॅव्हलिंग देतो. त्याला पहिले पंधरा दिवस एकच काम द्या. चेंडू झेलायचा, थांबायचं, एक पाय रोवून दुसरा फिरवायचा, पास द्यायचा. ड्रिबल नाही, बास्केट नाही. कंटाळेल, कुरकुरेल, पण तेवढं बसलं की ले-अपची दोन पावलं त्याला दिवसभरात येतात.

कबड्डीवाल्याचं उलटं. त्याला धक्क्याची भीती नसते, रिंगखाली तो भिंतीसारखा उभा राहतो, पण हात आपोआप समोरच्याला पकडायला जातात. पाच फाउल झाले की तो बाहेर. त्याला सरावात दोन्ही हातांत एकेक चेंडू धरायला लावून बचाव करायला सांगा. हात अडकले की पाय हलू लागतात. व्हॉलीबॉलवाला रिबाउंडला सोन्यासारखा, कारण उडी कधी मारायची हे त्याला कळतं. क्रिकेटवाल्याचे लांब पास भारी असतात, पण तो चेंडू एका हाताने झेलायला जातो आणि बोटं दुखावून घेतो.

असा संघ शहरातल्या संघांसमोर नेमबाजीत हरणारच. मग जिंकायचं कुठे? धावण्यात. नियमाप्रमाणे चेंडू आठ सेकंदांत आपल्या अर्ध्यातून पुढे न्यावा लागतो आणि चोवीस सेकंदांत बास्केटचा प्रयत्न करावा लागतो. पहिल्या मिनिटापासून पूर्ण कोर्टावर दाबून धरा. दहा मिनिटांचे चार क्वार्टर असतात. शहरातला पाच जणांचा नीटस संघ तिसऱ्या क्वार्टरला धापा टाकायला लागतो. त्यासाठी बाराच्या बारा जणांना खेळवावं लागतं. राखीव खेळाडूंना फक्त पाण्याच्या बाटल्या धरायला लावणाऱ्या प्रशिक्षकाला ही चाल जमत नाही. जोडीला फ्री थ्रो. तिथे उंची, बचाव, अनुभव काही आडवं येत नाही. दमलेल्या अवस्थेत, सरावाच्या शेवटी, प्रत्येकाने मारायचे आणि आकडे वहीत लिहायचे.

पहिल्या एक-दोन हंगामांत हराल. या खेळाचा जनक जेम्स नाइस्मिथ याने १८९१ मध्ये खेळ शोधला आणि पुढे कॅन्सस विद्यापीठाच्या संघाला शिकवलं. त्याच्या नावावर ५५ विजय आणि ६० पराभव आहेत. कॅन्ससच्या इतिहासात हरण्याचा आकडा जिंकण्यापेक्षा मोठा असलेला तो एकटाच प्रशिक्षक. संस्थाचालकांनी निकाल विचारले तर हे सांगून पाहा. ते पटेलच याची हमी नाही. त्यापेक्षा किती मुलं वर्षभर टिकली, किती विद्यापीठ निवड चाचणीला गेली, किती जणांना क्रीडा गुण मिळाले, याची नोंद ठेवा. वार्षिक अहवालात छापता येतं ते हेच, आणि पुढच्या मुलाखतीत तुमच्याही कामी येतं.

स्कोअरशीट भरायला आणि शिट्टी धरायला शिका. राज्य संघटनेची पंच परीक्षा द्या. टेबलवर बसणारी माणसं प्रत्येक स्पर्धेत कमी पडतात, त्यामुळे बोलावणं येतं, थोडं मानधन मिळतं. आणि एका दिवसात सहा-आठ संघांचा खेळ कडेला बसून बघायला मिळतो, तो फुकट. संघातल्या दोघांनाही हे शिकवा. जखमी झालेला खेळाडू मग घरी बसत नाही.

वर्षातून एकदा तरी संघाला थ्री बाय थ्रीच्या स्पर्धेला न्या. टोकियो ऑलिंपिकपासून हा प्रकार मोठा झाला आहे, आणि लहान संस्थेसाठी सोयीचा आहे: तीन खेळाडू आणि एक राखीव, एकच रिंग, दहा मिनिटं किंवा २१ गुण, बारा सेकंदांचा शॉट क्लॉक. चेंडू आकाराने ६ नंबरचा, वजनाने ७ नंबरचा. शिवाय टोकियो ऑलिंपिकच्या वेळी फिबा या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमांप्रमाणे त्यात प्रशिक्षकाला सामना चालू असताना सूचना द्यायला मनाई होती; तुम्हीही तसंच गप्प बसून पाहा. बाहेरून ओरडण्याची सवय असलेल्यांना हे फार जड जातं. पोरांना तुम्ही काय शिकवलं आणि काय नुसतं सांगितलं, ते त्या दहा मिनिटांत उघडं पडतं. वही घेऊन बसा, कुणी कुठे आणि कशामुळे चेंडू गमावला तेवढंच लिहा. सोमवारच्या सरावाला तीच वही उघडा.